एलपीएनची आरएन होताना: घरचा अभ्यास कुठवर नेतो आणि कुठे थांबतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये सहा वर्षं एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, आरएनच्या देखरेखीखालची नर्स) म्हणून काम, आठवड्याला बारा तासांच्या तीन शिफ्ट, घरी दोन शाळकरी मुलं. रोज कॉलेजला जाणं जमणारं नाही. घरी अभ्यास करून, परीक्षा देऊन आरएन (रजिस्टर्ड नर्स) होता येईल का? होता येत असेल तर सुरुवात कुठून करायची?

होता येतं, पण सगळंच घरी होत नाही. शास्त्रविषय, मानसशास्त्र, इंग्रजी, प्रवेशपरीक्षा आणि शेवटची एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा यांचा अभ्यास घरी होतो, आणि चांगला होतो. पण एनक्लेक्स-आरएनला बसायची परवानगी राज्याचं नर्सिंग मंडळ देतं, आणि ती मान्यताप्राप्त आरएन अभ्यासक्रम पुरा केल्यावर मिळते. एलपीएन म्हणून सहा काय, सोळा वर्षं काम केलं असलं तरी नुसत्या अनुभवावर ती मिळत नाही. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, तेही पुस्तकातून होत नाही. म्हणून ‘सगळं ऑनलाइन, क्लिनिकल नाही, तीन महिन्यांत आरएन’ असं कोणी सांगितलं तर तिथून निघायचं. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदव्या विकल्या गेल्याचं प्रकरण अमेरिकेच्या न्याय खात्याने उघड केलं. एकेका पदवीसाठी लोकांनी दहा ते पंधरा हजार डॉलर मोजले होते, आणि घेणाऱ्यांत आरएन व्हायची घाई झालेल्या एलपीएन बऱ्याच होत्या. त्यातल्या अनेकांची लायसन्स पुढे गेली. पैसे गेले ते गेलेच, हातातली नोकरीही गेली.

आधी एक गोष्ट तपासा, कारण तीत काहींची दोन वर्षं वाचतात. तुम्ही महाराष्ट्रात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग केलं आहे का? लग्नानंतर डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, लवकर कमावतं व्हावं म्हणून इथे एलपीएन झालेल्या मराठी मुलींमध्ये हे बऱ्याचदा आढळतं. तसं असेल तर एलपीएन-आरएन ब्रिज (एलपीएनला आरएनपर्यंत नेणारा कोर्स) तुमच्यासाठी कदाचित लांबचा रस्ता आहे. परदेशातल्या नर्सिंग शिक्षणाचं मूल्यमापन करणारी संस्था सीजीएफएनएस (आता तिचं नाव ट्रूमेरिट) तुमचे कागद तपासून राज्याच्या मंडळाला अहवाल पाठवते. तो समाधानकारक असेल तर पुन्हा कॉलेज न करता थेट एनक्लेक्स-आरएनला बसता येतं. कोणत्या राज्याला कोणता अहवाल आणि कोणती इंग्रजीची परीक्षा लागते ते त्या त्या मंडळाच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं.

या रस्त्यावर खोळंबा होतो तो कागदांपायी. ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातून चालत नाही, संस्थेकडून थेट जावं लागतं. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी पत्रव्यवहार येतो, आणि नोंदणीची पडताळणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून. भारतात राहणारं घरचं कोणीतरी माणूस प्रत्यक्ष खेटे घालायला हवं. ईमेलवर हे काम क्वचितच पुढे सरकतं. विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे लिहून घ्या. प्रसूती, बालरोग, मानसरोग, मेडिकल आणि सर्जिकल या प्रत्येकात दोन्ही प्रकारचे तास दिसले पाहिजेत. पूर्वी जीएनएम केलेल्या पुरुष नर्सेसना मिडवायफरीऐवजी दुसरा विषय असायचा, त्यामुळे त्यांच्या अहवालात प्रसूतीचा खड्डा निघतो आणि तेवढाच कोर्स इथे करावा लागतो. नावाचं दुखणं तर आपलं खास आहे. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, कधी लग्नात पहिलं नावही बदललेलं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र पहिल्याच दिवशी जमवून ठेवा.

तुमचं मूळ शिक्षणच अमेरिकेतलं एलपीएनचं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

क्रम असा ठेवा: आधी राज्य, मग कॉलेज, मग परीक्षा. बहुतेक जण उलट करतात. स्वस्तात मिळते म्हणून एखादी क्रेडिट परीक्षा (वर्गात न बसता विषयाचं श्रेय मिळवून देणारी) देऊन टाकतात आणि नंतर कळतं की निवडलेलं कॉलेज ते क्रेडिट घेतच नाही. कॉलेज निवडताना दोन मान्यता वेगवेगळ्या तपासा. राज्याच्या नर्सिंग मंडळाची मंजुरी, आणि राष्ट्रीय पातळीवरची अॅक्रेडिटेशन, म्हणजे एसेन, सीसीएनई किंवा एनएलएनच्या सीएनईएची. पुढे बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी) करायचं झालं तर ही दुसरी नसल्यास दारं बंद होतात.

परीक्षांवर आधारलेल्या नर्सिंग पदवीचं सगळ्यांत जुनं आणि ठळक उदाहरण न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला आहे. १९७१ मध्ये रीजंट्स एक्स्टर्नल डिग्री म्हणून सुरू झालेली ती संस्था पुढे रीजंट्स कॉलेज, मग एक्सेल्सियर कॉलेज आणि २०२२ पासून एक्सेल्सियर युनिव्हर्सिटी झाली. हजारो एलपीएन तिथून नोकरी सांभाळून आरएन झाल्या. पण दोन गोष्टी जाणून घ्या. एक, ६ डिसेंबर २००३ नंतर प्रवेश घेतलेल्या तिथल्या पदवीधरांना कॅलिफोर्निया लायसन्स देत नाही. इतर काही राज्यांच्याही अटी आहेत. तुमच्या राज्याचं उत्तर मंडळाकडून लेखी घ्या. प्रवेश विभागातल्या माणसाचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही. दोन, तिथल्या अडीच दिवसांच्या हॉस्पिटलमधल्या प्रात्यक्षिक परीक्षेची जी वर्णनं जागोजागी वाचायला मिळतात ती जुनी आहेत. कोविडनंतर क्लिनिकल तपासायची रचना बदलली, म्हणून आजची अट आजच विचारा.

कॅलिफोर्नियात एलव्हीएनसाठी (तिथे एलपीएनला एलव्हीएन म्हणतात) ‘३० युनिट’ नावाचा एक आडमार्ग आहे. ३० सेमिस्टर युनिट पुरी केली की पदवीशिवाय तिथे आरएनच्या परीक्षेला बसता येतं. पण ते लायसन्स घेऊन दुसऱ्या राज्यात गेलं की बऱ्याच ठिकाणी ओळखच मिळत नाही. नवऱ्याच्या नोकरीबरोबर राज्यं बदलणाऱ्या घरांनी हा मार्ग टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यासारख्या बाईला मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा एलपीएन-आरएन ब्रिज आधी बघायला सांगेन. एलपीएनच्या शिक्षणाचं श्रेय धरून सुरुवातीचा भाग माफ होतो, आणि काही ठिकाणी संध्याकाळचे वर्ग, शनिवार-रविवारी क्लिनिकल असतं. घरच्या अभ्यासाने त्यातलं नर्सिंगेतर ओझं आधीच उतरवून ठेवलं की प्रत्यक्ष वर्गात जायचे दिवस पुष्कळ कमी होतात.

हे ओझं उतरवायला क्लेप परीक्षा उपयोगी आहेत. कॉलेज बोर्ड त्या घेतं. गुण २० ते ८० मध्ये मिळतात आणि ५० ला क्रेडिट द्यावं अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. नर्सिंगच्या वाटेवर कामाच्या चार: प्राथमिक मानसशास्त्र, मानवी वाढ आणि विकास, समाजशास्त्र, आणि कॉलेज कंपोझिशन. पहिल्या तिन्हींना दिवसाचा दीड तास धरला तर प्रत्येकी चार ते सहा आठवडे पुरतात. मॉडर्न स्टेट्स ही ना-नफा संस्था मोफत अभ्यासक्रम देते आणि तो पुरा केल्यावर परीक्षेच्या फीचं व्हाउचरही देते. नापास झालात तर तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं, म्हणून सराव परीक्षेत सातत्याने चांगले गुण आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राची परीक्षा क्लेपमध्ये नाही. शिवाय बहुतेक कॉलेजांना या विषयांची आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा हवी असते, आणि बऱ्याच ठिकाणी ही शास्त्राची क्रेडिट पाच-सात वर्षांपेक्षा जुनी चालत नाहीत. त्यामुळे हे विषय शक्यतो प्रवेशाच्या आधीच्या एक-दीड वर्षात, प्रयोगशाळेसह, मान्य कॉलेजकडूनच करा. अभ्यासाला राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. नर्सिंगच्या विषयांवरचीही आता त्यात आहेत.

या विषयांत घोकंपट्टीवर निभावणाऱ्या पुढे नर्सिंगमध्ये अडकतात, हे स्पष्ट सांगायला हवं. दोनशे सहा हाडांची नावं पाठ असून उपयोग नाही, पण किडनी सोडियम कसं धरून ठेवते, रेनिन कुठून येतं, अल्डोस्टेरॉन वाढलं की पोटॅशियम का घसरतं, हे कोऱ्या कागदावर बाण काढून दाखवता आलं पाहिजे. तेवढं एक चित्र पक्कं झालं की ब्लड प्रेशरच्या निम्म्या गोळ्या, हार्ट फेल्युअर, सिरोसिसचं पोटातलं पाणी, अॅडिसनचा आजार हे सगळं त्यातूनच उलगडतं. माझ्या मते क्रम असा असावा: द्रव आणि क्षार, आम्ल-अल्क संतुलन, किडनी, हृदय, फुप्फुसं, मग अंतःस्रावी ग्रंथी. बाकीचं नंतर.

प्रवेशासाठी कॉलेज बहुधा टीज किंवा हेसी ए-टू मागतं. सध्याच्या टीजमध्ये १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं असतात: वाचन ४५, गणित ३८, विज्ञान ५०, इंग्रजी ३७. आपल्याकडे शिकलेल्यांचं गणित बहुतेक चांगलं असतं. गुण जातात ते वाचनात, कारण ५५ मिनिटांत ४५ प्रश्न उरकायचे असतात. रोज एक इंग्रजी उतारा घड्याळ लावून वाचा आणि त्याचा मुद्दा एका मराठी वाक्यात सांगा. सांगता आला नाही तर तो कळलेला नाही. काही कॉलेजं एलपीएनसाठी एनएलएनची नेस-वन ही परीक्षाही घेतात. तीत नर्सिंगची मूलतत्त्वं, प्रसूती आणि बालरोग येतात. नर्सिंग होममधल्या एलपीएनना शेवटच्या दोन विषयांना हात लावून वर्षं झालेली असतात, म्हणून वेळ तिथे घाला.

आता खरी अवघड जागा.

एलपीएनचा अनुभव ही तुमची ताकद आहे, आणि परीक्षेत तोच आडवाही येतो. एलपीएन म्हणून तुम्ही माहिती गोळा करता, नोंदवता, वरच्या नर्सला कळवता, ठरलेली योजना नीट पार पाडता. आरएनच्या परीक्षेत वरची नर्स म्हणजे तुम्हीच. पहिलं मूल्यांकन, योजना आखणं, पेशंटला पहिल्यांदा शिकवणं, परिणाम तपासणं ही कामं कोणाकडे सोपवता येत नाहीत. ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय दिसला की एलपीएनचा हात आपसूक तिकडे जातो. तो बरोबर असतोही, पण आधी तुमच्या हातातलं काम झालेलं असेल तरच.

रक्त चढवण्याचं उदाहरण घ्या. सुरू करून दहा मिनिटं झाली आहेत, पेशंटला थंडी वाजते, कंबर दुखते. पहिलं काम: रक्त बंद. मग नवी नळी जोडून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवायची. त्याच नळीतून सलाईन सोडलं तर नळीत उरलेलं विजोड रक्त आणखी आत जातं, म्हणून नवी. मग डॉक्टर आणि रक्तपेढी. पिशवी आणि नळी फेकायची नाही, तपासणीला पाठवायची. पहिली १५ मिनिटं पेशंटजवळ थांबायचं, पिशवी चार तासांच्या आत संपवायची, सोबत फक्त नॉर्मल सलाईन. यातली प्रत्येक पायरी एकेका प्रश्नाचा विषय होऊ शकते, आणि प्रत्येकीमागचं ‘का’ माहीत असेल तर क्रम पाठ करावा लागत नाही.

दुसरं, प्राधान्याचे प्रश्न. चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट, ऑक्सिजन ९० टक्के. काल थायरॉइड काढलेली बाई, तोंडाभोवती मुंग्या येतात म्हणते. मधुमेही, साखर २४०. खुब्याचं हाड मोडलेले आजोबा, वेदना दहापैकी सात. नर्सिंग होमची सवय आजोबांकडे नेते किंवा ऑक्सिजनच्या आकड्याकडे. पण सीओपीडीत ९० हे अपेक्षित आहे, मोडलेल्या हाडाला वेदनाही अपेक्षित आहे, आणि २४० साखरेने पुढच्या पंधरा मिनिटांत कोणी दगावत नाही. थायरॉइडबरोबर पॅराथायरॉइड दुखावल्या गेल्या असतील तर कॅल्शियम घसरतं, मुंग्या ही त्याची पहिली खूण, आणि पुढची पायरी स्वरयंत्र आवळून श्वास बंद. म्हणून आधी ती बाई. प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारायची सवय लावा: हे या आजारात अपेक्षित आहे का? आणि मी आत्ता गेले नाही तर पुढच्या अर्ध्या तासात काय होईल?

तिसरं, काम सोपवणं. परीक्षेच्या जगात एलपीएनकडे स्थिर, परिणाम ठाऊक असलेला पेशंट जातो: जुन्या जखमेचं ड्रेसिंग, ठरलेली औषधं. सहायकाकडे स्थिर पेशंटची आंघोळ, चालवणं, व्हायटल्स. नुकताच दाखल झालेला, नुकताच ऑपरेशनहून आलेला, लक्षणं बदललेला पेशंट आरएनकडे. तुमच्या नर्सिंग होममध्ये एलपीएन याहून पुष्कळ जास्त करत असेल, तुमच्या राज्याचा नियमही वेगळा असू शकेल. परीक्षा देशभराची एकच आहे. ती तुमच्या मजल्यावर काय चालतं ते विचारत नाही.

एनक्लेक्स-आरएनची रचना समजून घ्या. परीक्षा संगणकावर असते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे प्रश्न अवघड-सोपे होत जातात. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. ८५ मधले १५ प्रश्न गुणांसाठी धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. प्रत्येकाला सहा-सहा प्रश्नांच्या तीन केस येतात. केस सहा पायऱ्यांवर चालते: खुणा ओळखणं, त्यांचा अर्थ लावणं, शक्यतांची उतरंड, उपाय सुचवणं, कृती, परिणाम बघणं. अभ्यासात चुकलेला प्रश्न यातल्या कोणत्या पायरीवर चुकला ते लिहून ठेवलं की आठवडाभरात तुमचा कच्चा दुवा दिसतो. खूण दिसलीच नाही ही चूक वेगळी, आणि दिसून अर्थ लागला नाही ही वेगळी. पहिलीला सावकाश वाचन हे औषध आहे, दुसरीला पुन्हा शरीरक्रियाशास्त्र.

‘लागू असतील ते सर्व निवडा’ प्रकारात आता अंशतः गुण मिळतात, पण चुकीचा पर्याय निवडला की एक गुण वजा होतो. शून्याखाली जात नाही इतकंच. म्हणून खात्री असलेलेच पर्याय निवडा. पाचही निवडून बघू हा जुगार महागात पडतो.

विषयांचं वजनही बघा. २०२३ च्या आराखड्यात सगळ्यांत मोठा वाटा सेवेच्या व्यवस्थापनाचा, १५ ते २१ टक्के. औषधोपचार १३ ते १९, गुंतागुंतीच्या शारीरिक स्थिती ११ ते १७, सुरक्षा आणि संसर्ग नियंत्रण १० ते १६. आराखडा दर तीन वर्षांनी बदलतो आणि एनक्लेक्स घेणाऱ्या एनसीएसबीएन या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. तुमच्या परीक्षेच्या वर्षाचा उतरवून भिंतीवर लावा.

वेळापत्रक बारा आठवड्यांचं करा. शिफ्टच्या दिवशी अभ्यास ठेवू नका. फक्त वीस मिनिटं कालच्या चुका वाचा, बस. बारा तास उभं राहून आल्यावर रात्री अकराला पुस्तक उघडलं की पानं उलटतात, डोक्यात काही जात नाही, वर अपराधी वाटत राहतं. उरलेल्या चारपैकी तीन दिवस तीन-साडेतीन तास, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, मुलांसाठी. अभ्यासाच्या दिवशी पहिला तास एका विषयाला. पुढचा तास ४० ते ५० प्रश्न, घड्याळ लावून, मध्ये उत्तर न बघता. मग जितका वेळ प्रश्नांना लागला त्याहून जास्त वेळ स्पष्टीकरणांना, बरोबर आलेल्या प्रश्नांच्याही. नशिबाने बरोबर आलेलं उत्तर परीक्षेत पुन्हा नशिबावरच राहतं.

चुकांची वही करा. पानावर चार रकाने: काय विचारलं होतं, मी काय निवडलं, का निवडलं, बरोबर उत्तरामागचं कारण एका ओळीत. तिसरा रकाना टाळू नका, सगळं शिक्षण तिथे आहे. ती चूक दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा बघायची. प्रश्नसंग्रह एकच घ्या आणि तो संपवा. तीन अर्धवट संग्रहांपेक्षा एक पुरा केलेला केव्हाही बरा.

पहिले आठ आठवडे विषयवार, शेवटचे चार मिसळून. विषयवार करताना उत्तर अर्धं ठाऊकच असतं, कारण धडा मधुमेहाचा आहे हे माहीत असतं. परीक्षेत ते कोणी सांगत नाही. नर्सिंग होमवाल्यांनी प्रसूती, बालरोग आणि मानसरोग यांना दुप्पट वेळ द्यावा. मधुमेह, जखमा, स्मृतिभ्रंश तुम्हाला हातात असतात. प्रसूतीत थोड्या गोष्टी फार विचारल्या जातात. बाळाचे ठोके कळ ओसरताना उशिरा घसरले तर आईला कुशीवर वळवा आणि ऑक्सिटोसिन बंद करा. बाळंतिणीचं गर्भाशय मऊ लागलं तर चोळून घट्ट करा. एका बाजूला सरकलेलं असेल तर आधी लघवी करवा, कारण भरलेलं मूत्राशय त्याला आकुंचन पावू देत नाही. मॅग्नेशियम सल्फेट (वाढलेल्या बीपीतून येणारे झटके टाळायचं औषध) चालू असताना गुडघ्याचा रिफ्लेक्स नाहीसा झाला, श्वास बाराच्या खाली गेला किंवा लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी झाली तर औषध बंद आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी.

औषधांचा हिशेब रोज पाच गणितं, अखेरपर्यंत. नमुना: पेशंट १७६ पौंड, हेपरिन तासाला किलोमागे १८ युनिट, पिशवीत ५०० मिलीत २५,००० युनिट. १७६ भागिले २.२ म्हणजे ८० किलो. ८० गुणिले १८ म्हणजे तासाला १,४४० युनिट. पिशवीत एका मिलीला ५० युनिट. १,४४० भागिले ५०, उत्तर तासाला २८.८ मिली. चुका दोन जागी होतात: पौंडांचे किलो करायचे राहतात, आणि मधल्या पायरीला आकडा पूर्णांकात बसवला जातो. पूर्णांक करायचा तो शेवटी, आणि प्रश्नात सांगितलं असेल तेवढाच.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी भाषेचं वेगळं सांगायला हवं. उत्तर येत असूनही गुण जातात ते प्रश्नाच्या शेपटीत. ‘नीड्स फर्दर टीचिंग’ म्हणजे पेशंटचं कोणतं बोलणं चुकीचं आहे ते शोधायचं, बरोबर बोलणं नाही. ‘फर्स्ट’ किंवा ‘इनिशियल’ असेल तर चारही कृती योग्य असू शकतात, त्यातली आधीची हवी. प्रश्न वाचला की पर्याय झाकून ठेवा आणि मनात मराठीत म्हणा: पेशंट कोण, त्याला काय होतंय, मला काय विचारलंय. मगच पर्याय बघा. औषधांची नावं आणि लक्षणांचे शब्द मात्र इंग्रजीतच पाठ करा, भाषांतरात घोटाळा होतो.

नोंदणीची वाट अशी: मंडळाकडे अर्ज, परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे २०० डॉलर भरून नोंदणी, मग परवानगीचा ईमेल. परवानगीला मुदत असते आणि ती सहसा वाढवून मिळत नाही, म्हणून अभ्यास संपत आल्यावरच ही साखळी सुरू करा. कोर्स संपल्यावर मात्र दोन-तीन महिन्यांपलीकडे लांबवू नका. ओळखपत्रावरचं नाव आणि परवानगीतलं नाव जुळलं पाहिजे. पहिलं नाव किंवा आडनाव एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं असेल तर दारातूनच परत पाठवतात आणि फी बुडते. सुट्टी घेतलीत तरी घड्याळ थांबत नाही, पण पहिल्या दोन तासांनंतरची सुट्टी घ्याच. संगणक ८५ प्रश्नांनंतर बंद पडला म्हणजे पास, किंवा १५० पर्यंत गेला म्हणजे नापास, असं काही नसतं. निकालाची खात्री झाली की तो थांबतो, दोन्हीकडे.

पास झाला नाहीत तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. नापासाच्या निकालासोबत येणारा अहवाल फेकू नका. त्यात प्रत्येक विषयात तुम्ही उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर, जवळ की खाली होता ते दिलेलं असतं. ‘खाली’ असलेल्या विषयांना पहिले तीन आठवडे, ‘जवळ’ असलेल्यांना पुढचे दोन, आणि उरलेल्या दिवसांत फक्त मिसळलेले प्रश्न.